एका दिवसाची सही

"पिणाऱ्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, ओतिल्का. हात बघायचे." आई जन्मभर हेच सांगत आली. बाबांचे डोळे फार गोड होते.

म्हणून मार्चमधल्या त्या बर्फाळ पावसात सेवेरीन नावाचा माणूस चर्चच्या मागच्या खोलीत शिरला, तेव्हा मी हातच पाहिले. छपरांवर लाकडी फळ्या ठोकणाऱ्याचे हात. त्यांना राळेचा वास… आणि थरथर. दारू सोडण्याची शपथ जिच्यात लिहायची, ती वही माझ्याकडे असते.

"दवाखान्यात दहा दिवस काढून आलोय, बाई. आता काय लिहू? जन्मभर?"

"आज लिहा. फक्त आज."

"आणि उद्या?"

"उद्या पुन्हा या. पाच वाजता."

रोज त्याच वेळी त्याचे पाय गुत्त्याकडे वळत.

तो येत राहिला. गुत्ता टाळून, नदीकाठच्या लांबच्या वाटेनं. गुरुवारी इथूनच पुढे, दारू सोडलेल्यांच्या बैठकीला जायचा. दारातूनच ओरडायचा, "बाई, हजेरी!" मी रासबेरीचा पाक घातलेला गरम चहा पुढे करायचे.

"किती गोड हा! मुंग्या लागतील मला."

"लागू देत. तोंड गोड असलं की दुसरं काही आठवत नाही."

"तुम्ही आठवता…"

मी जपमाळ घट्ट धरायचे. पाचावर दहा मिनिटं झाली की दारात जाऊन उभी राहायचे. बाबाही एकदा तीन महिने सुटले होते. तीनच.

ब्याण्णवाव्या दिवशी तो सकाळीच आला. बाहेर पाऊस लागला होता. अंगात नवा कोट, छातीवर पांढरी फीत, हातात झाकलेली टोपली. धाकट्या भावाचं लग्न! आमच्या डोंगरी पोलिश गावांत वरात चर्चकडे निघाली की लोक वाटेत दोर बांधतात. वोदका पाजल्याशिवाय सोडत नाहीत. पाजायचा मान नवरदेवाच्या भावाचा; बाटल्या त्याच्याच टोपलीत.

"दुसऱ्या कुणाला द्या ना ती टोपली."

"त्याला आईबाप नाहीत, बाई. त्याच्या बाजूनं मी एकटाच."

त्यानं सही केली. अक्षर वाकडं गेलं.

"प्यालात?" माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"नाही. घाबरलोय. तीन दोर आहेत. एका हातात टोपली, दुसरा मोकळा… त्या मोकळ्या हाताचीच भीती वाटते, ओतिलिया."

'बाई' कुठेतरी गळून पडलं होतं.

"तो… धरशील?"

सगळ्या गावासमोर हात धरायचा म्हणजे काय, हे इथं कुणाला सांगावं लागत नाही. आईनं बाबांचा हात एकतीस वर्षं धरला होता. आणि तरीही…

मी मान वर केली. पहिल्यांदाच. करडे डोळे, पार घाबरलेले — गोड अजिबात नव्हते.

"जन्मभराचं विचारू नका."

"आज," तो म्हणाला. "फक्त आज."

"तुम्ही व्हा पुढे. पहिल्या दोरापाशी येते मी."

तो गेला. त्याच्या वाकड्या सहीखाली मी माझं नाव लिहिलं. ओतिलिया. एक दिवस. माझंही अक्षर वाकडंच आलं.

वरच्या वळणावर वाजंत्री ऐकू येऊ लागली. मी जपमाळ खिशात ठेवली, डोक्याला रुमाल बांधला आणि दार ओढून घेतलं. छत्री डाव्या हातात धरली. उजवा मोकळा ठेवला.