भिंतीकडचा शेवटचा वाइस

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. पटलं तर वाचा, नाही पटलं तर सोडून द्या. मी कुणाला पटवायला बसलेलो नाही.

ही रात्रीची गोष्ट नाही. अमावस्या नाही, स्मशान नाही. उज्जैनमध्ये, सप्टेंबरच्या भर दुपारी, एका इंजीनियरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये हे सुरू झालं.

आणि जिच्या बाबतीत झालं, ती माझी सख्खी मावसबहीण आहे. इशिता.

तिचं घर फ्रीगंजमध्ये, टावर चौकाच्या मागच्या गल्लीत. श्रीकांतकाका रेल्वेत, प्रतिभामावशी शाळेत शिकवते. एकुलती एक मुलगी. बारावीनंतर तिला कंप्यूटर मिळत होतं. तिनं मेकॅनिकल घेतलं.

त्यावरून घरात बरीच बहस झाली. मी होतो तिथे.

"चांगलं कंप्यूटर मिळतंय, मग हे काय नवीन?" काका म्हणाले.

"मला मशीन उघडून बघायच्यात, बाबा. स्क्रीनसमोर नाही बसायचं."

"लोखंडाचं काम आहे ते. तुला झेपणार नाही."

"झेपवीन. नाही झेपलं तर तुमच्यापुढे रडत येणार नाही."

ती जिंकली होती.

फर्स्ट इयरला सगळ्यांना वर्कशॉप असतं. कॅम्पसच्या टोकाला लांबलचक पत्र्याची शेड. आत तेलाचा वास. टेबलांच्या रांगा आणि टेबलावर वाइस, म्हणजे लोखंड घट्ट धरून ठेवायचे शिकंजे. मुलांनी त्यात लोखंडाचा तुकडा अडकवायचा आणि कानशीनं घासून घासून त्याची कड सरळ करायची. आपल्याकडे कानशीला रेतीच म्हणतात.

बॅच मोठी होती. इशिता पोचली तोवर सगळे वाइस गेले होते.

एक सोडून. भिंतीकडचा. अगदी शेवटचा.

"वहाँ लग जाओ," राठौर सर म्हणाले. बस, एवढंच. त्यांनी ना अडवलं, ना काही सांगितलं.

तिला एकच गोष्ट जरा वेगळी वाटली. बाकी सगळ्या वाइसची दांडी गंजून काळी पडली होती. याची मात्र चकचकीत होती. रोज कुणीतरी हातात धरत असल्यासारखी.

शेजारच्या निहारिकाला तिनं विचारलं, "इथे कोण असतं गं?"

"कोणीच नाही. सीनियर पण म्हणत होते, ती जागा खालीच असते."

पहिले काही दिवस फार वाईट गेले. कड काही केल्या सरळ होईना. राठौर सर तुकडा गुण्याला, म्हणजे काटकोन तपासायच्या पट्टीला, लावून खिडकीकडे धरायचे. फटीतून उजेड दिसायचा.

"रोशनी आ रही है. फिर से करो."

पुन्हा करायची. पुन्हा उजेड. तळहातांना फोड आले. मुलं पुढच्या कामाला लागली. ही अजून पहिल्याच तुकड्यावर. घरी मात्र जेवताना हात ताटाआड लपवायची. काकांना दाखवायचे नव्हते.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे कँटीनला गेले. ती गेली नाही. शेडमध्ये एकटीच थांबली. बाहेर लख्ख ऊन होतं. पंखे बंद होते.

तिनं घासायला सुरुवात केली.

खर्र... खर्र...

दमली. थांबली.

खर्र...

एक घासणं जास्त झालं होतं.

तिनं मागे पाहिलं. मागे भिंत होती.

पत्रा वाजला असेल, असं तिला वाटलं. तिनं पुन्हा सुरू केलं. आता मात्र नीट ऐकू येत होतं. तिच्या घासण्याच्या खाली अजून एक घासणं होतं. तिच्यापेक्षा सावकाश. लांब. एकसारखं.

भीती वाटायला हवी होती. पण तिला तेव्हा भीती वाटली नाही. हे तिनंच मला नंतर सांगितलं. तिला वाटलं, कुणीतरी शिकवतंय.

तिनं त्या आवाजाला आपला हात जुळवला. तो पुढे गेला की पुढे. तो मागे आला की मागे. हळूहळू दोन आवाजांचा एकच आवाज झाला.

सुट्टी संपल्यावर राठौर सरांनी तुकडा खिडकीकडे धरला. बराच वेळ बघत राहिले. उजेडाची रेघसुद्धा नव्हती.

"किससे सीखा?"

ती नुसती हसली. त्या दिवशी घरी येऊन तिनं काकांसमोर हात पसरले. फोड दाखवले, तुकडा दाखवला. काकांनी तो तुकडा टीव्हीच्या बाजूला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा ठेवला.

घरातला तो शेवटचा चांगला दिवस.

त्यानंतर आवाज वर्कशॉपच्या बाहेर आला.

आधी मॅजिकमध्ये, म्हणजे शेअरच्या छोट्या गाडीत, कॉलेजातून परतताना. इंजिनाच्या आवाजाखाली... खर्र... खर्र. मग मॅथ्सच्या क्लासमध्ये. मग घरी. मावशी एका रविवारी दुपारी भाजी निवडत होती. इशिता आतल्या खोलीत झोपली होती. मावशीला वाटलं, शेजारी ग्रिलचं काम निघालंय. खिडकी लावून घेतली.

आवाज कमी झाला नाही.

मावशी आतल्या खोलीच्या दारात गेली. इशिता गाढ झोपेत होती. आणि तिचे दोन्ही हात छातीवर पुढे-मागे... पुढे-मागे... सरकत होते.

हात रिकामे होते.

आवाज येत होता.

मावशीनं तिला हलवून उठवलं. आवाज थांबला. चादर उचलली, तर खाली बारीक करडा चुरा पडलेला. लोखंडाचा असेल, कपड्यांबरोबर आला असेल, असं मावशीनं स्वतःला समजावलं. नंतर काकांनी त्याला चुंबक लावून बघितलं.

चुरा चिकटला नाही.

लोखंड नव्हतं ते.

काय होतं, ते पुढच्या आठवड्यात कळलं. कॉलेजात हजेरीला अंगठा लावायचं मशीन आहे. इशितानं अंगठा लावला. मशीननं घेतला नाही. पुन्हा लावला. दुसरं बोट लावलं. मागे रांग लागली, मुलं हसायला लागली. निहारिकानं तिचा हात धरून उजेडात बघितला आणि पटकन सोडून दिला.

बोटांवर रेषाच नव्हत्या.

जखम नाही, रक्त नाही. नुसती गुळगुळीत, सपाट बोटं.

फ्रीगंजमधल्या स्किनच्या डॉक्टरांनी बघितलं. "वर्कशॉप का काम है, घिस गई होंगी. आ जाएँगी," म्हणाले. मलम दिलं. निहारिकाची बोटं ठीक होती. बॅचमधल्या सगळ्यांची ठीक होती.

काका कॉलेजात गेले. सोबत मी. राठौर सरांना सरळच विचारलं, त्या जागेवर पूर्वी काही झालं होतं का. कुणाला लागलं, कुणी गेलं?

सरांनी खूप विचार केला. माणूस खोटं बोलत नव्हता.

"यहाँ कभी कुछ नहीं हुआ, साहब. कोई मरा होता तो मैं बता देता ना. छुपाऊँगा क्यों?"

"तो वो जगह खाली क्यों रहती है?"

"पता नहीं. बच्चे खुद ही नहीं लगते वहाँ."

कुणी मेलेलं असतं, तर धरायला काहीतरी हाती लागलं असतं.

त्या दिवशी इशिता स्वतःच म्हणाली, "बाबा, सोडते मी कॉलेज."

काकांनी तिला जवळ घेतलं. एवढी हट्टी पोर. रडत येणार नाही म्हणालेली. ती रडतही नव्हती. नुसती थकली होती.

ती घरी बसली. त्यानं काही फरक पडला नाही. उलट आवाज दिवसभर यायला लागला. आता आम्हा सगळ्यांनाच यायचा. सकाळी पोहे खाताना. टीव्ही मोठा केला तरी. आणि इशितानं हात मांडीखाली दाबून ठेवले तरी.

"दुखतं का गं?" मी एकदा विचारलं.

"दुखत नाही, दादा. उलट हलकं वाटतं. रोज थोडं हलकं."



तेव्हा पितृपक्ष चालू होता. माझी आई, मंगला, देवास गेटहून रोज बहिणीकडे जात होती. तिनंच सुचवलं, "सिद्धवटला जाऊ या. कुणाचं काय अडलं असेल ते सुटेल." काकांचा अशा गोष्टींवर विश्वास नाही. पण ते हो म्हणाले. दुसरं उरलं काय होतं.

आम्ही सकाळी गेलो. गर्दी खूप होती. वडाला दूध वाहणारे लोक, क्षिप्रेच्या पायऱ्यांवर पिंड घेऊन बसलेली कुटुंबं. आमच्या वाट्याला एक म्हातारे पंडितजी आले. त्यांच्यापुढे अजून चार जण ताटकळत होते. ते घाईत होते.

काका पुढे बसले. त्यांच्या मागे आम्ही. माझ्या शेजारी इशिता, हात ओढणीत गुंडाळून. पंडितजींनी काकांचं गोत्र विचारलं, त्यांनी सांगितलं.

"और किसके निमित्त करना है? नाम बोलो."

काकांनी मावशीकडे पाहिलं. मावशीनं माझ्या आईकडे.

"नाम तो पता नहीं है, महाराज," काका म्हणाले.

"कोई बात नहीं, अज्ञात के नाम से..."

"इशिता."

आवाज तिचाच होता. स्वच्छ. शांत.

पंडितजींना काय माहीत? त्यांना वाटलं, घरच्यांना नाव आठवलं. त्यांनी डोळे मिटून संकल्प म्हणायला सुरुवात केली. त्यात तिचं नाव घेतलं. काकांच्या ओंजळीत तीळ आणि पाणी होतं. ते मागे वळले, "नाही, नाही, थांबा" म्हणाले, आणि वळताना ओंजळ कलली...

पाणी खाली ताम्हणात पडलं. संकल्प सुटला, तिच्या नावानं.

मी ती धार बघितली आहे. माझ्या डोळ्यांनी.

"हे काय केलंस गं?" मावशी कशीबशी बोलली.

इशिता आमच्याकडे बघत होती. चेहरा पांढराफटक.

"मी नाही बोलले, आई. मी तोंडच उघडलं नाही."

मी तिच्या शेजारी होतो. तिचे ओठ हलले नव्हते.

काकांनी पंडितजींना चूक सांगितली. त्यांनी पुन्हा विधी केला, अज्ञाताच्या नावानं. पण दक्षिणा त्यांनी घेतली नाही.

घरी परत आलो, तर आवाज थांबलेला.

पूर्ण थांबला. इतके दिवस तो कानात होता, की घर एकदम ओकंबोकं वाटलं. संध्याकाळपर्यंत आम्ही सगळे वाट बघत बसलो. काहीच नाही. मावशी देवापुढे बसून रडली. चला, सुटलो, असं आम्हाला वाटलं.

इशिता पुन्हा कॉलेजात जायला लागली. त्याच वर्कशॉपमध्ये, त्याच वाइसवर. अडवून उपयोग नव्हता, तिला तिथेच बरं वाटायचं. आता ती थर्ड इयरला आहे. तिच्या हातासारखा हात अख्ख्या कॉलेजात नाही म्हणतात. बोटांवरच्या रेषा काही परत आल्या नाहीत. हजेरीपुरती कॉलेजनं तिला सही करायची परवानगी दिली आहे.

नातेवाईक कौतुक करतात. काका मान हलवतात आणि उठून आत जातात.

मागच्या दिवाळीत मी फराळाचा डबा घेऊन गेलो. दार उघडंच होतं. ती पाठमोरी बसून अभ्यास करत होती. मी दारातूनच हाक मारली.

"इशिता."

ती हलली नाही.

मी जवळ जाऊन पुन्हा हाक मारली. मोठ्यानं. मागच्या घरातल्या बाई खिडकीत आल्या. ही तशीच. पानावर पेन चालू.

मी खांद्याला हात लावला. ती वळली. हसली. अगदी पूर्वीसारखी.

"अरे दादा, कधी आलास?"

"कधीपासून हाका मारतोय तुला."

ती माझ्याकडे बघत राहिली. खरंच न कळल्यासारखी.

"कुणाला?"

मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं मला खुणेनं आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"नावानं हाक मारू नको रे तिला," ती हळूच म्हणाली. "कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. कान चांगले आहेत. बाकी सगळं ऐकू येतं. फक्त तेवढं येत नाही."

"मग तुम्ही काय म्हणता?"

"बेटा म्हणतो. बाळा म्हणतो. काहीही." मावशीनं पदरानं डोळे पुसले. "मारायची मी आधी हाक. वाटायचं, एक दिवस येईल ऐकू. मग एकदा दुपारी ती कॉलेजात होती. घरात मी एकटी. सवयीनं तोंडातून गेलं तिचं नाव..."

तिनं लोटलेल्या दाराकडे बघितलं.

"मग?"

"आतल्या खोलीतून ओ आली रे."