आतली कडी

“दुसरी खोली नाही, आजी. राहायचं तर त्याच खोलीत, नाहीतर पोरीला घेऊन जा,” होस्टेलच्या वॉर्डन मनिषा मॅडम पुन्हा तेच म्हणाल्या.

“घेऊन जायला न्हाई आणलं पालमहून. खोली तीच ऱ्हाऊ द्या. आतून कडी बसवा. आजच्या आज.”

“कडी आहे तिथं.”

“बाहेरून हाय. बाहेरची कडी गोठ्याला असती, मॅडम. माणसाला आतून लागती.”

नात सुकेशनी मागून माझा पदर ओढत होती. ही जागा गेली तर तिचं शिक्षण संपलं, हे मलाही कळत होतं. विद्यापीठाची पायरी चढलेली आमच्या घरातली ती पहिली. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. एसटीच्या पाट्या वाचत अक्षर कमावलं, म्हणून कुणाच्या टेबलाला मी भीत नाही.

“मी स्वतः याच होस्टेलात राहून शिकले,” मॅडम म्हणाल्या. “मला तर काही झालं नाही.”

बाई तरणी, पण केस पोरासारखे बारीक कापलेले. बोलताना हात सारखा उघड्या मानेकडं जायचा.

ऑफिसात यायच्या आधी, त्याच दुपारी त्या खोलीत काय झालं ते सांगते.

सुकेशनीची पेटी आत ठेवली आणि मी खाटेवर आडवी झाले. एसटीनं कंबर ढिली केली होती. खोलीतली दुसरी पोर अनुपमा, वालूरची. ती म्हणाली, “आजी, निवांत पडा. आमी जेवून येतो. बाहेरून कडी लावते.”

“ती कशाला?”

“आतली बसतच न्हाई. वानरं घुसतात, कधी माणसंबी. एक झोपली की दुसरी बाहेरून लावून जाते. हितं सगळ्या तसंच करतात.”

कडी सरकली. पोरींचं हसणं लांब गेलं. बाहेर आभाळ काळवंडलं, लाईट गेली. पंखा कुरकुरत थांबला, आणि मग ती खोली गप्प झाली. रिकामी खोली गप्प असते तशी नाही. कुणी श्वास धरून बसावं तशी.

मग वास आला. ओला वाळा जळावा तसा. खिडकीतल्या कुलरचा नुसता पत्रा उरलेला, वाळा त्यात नव्हताच.

दाराची फळी खरवडल्याचा आवाज आला. वाटलं, वानर असेल. पण आवाज आतून होता. मी खाटेवर, दार समोर, मधे कुणी नाही... आणि फळी थरथरत होती.

भ्यायची मला सवय नाही. उठून बसले.

“कोण हाय गं?”

खरवडणं थांबलं. मग अगदी कानाशी एक पोर बोलली... हळू, दमलेली. रागानं नाही. मैत्रीण यायला उशीर झाला की पोरी कुरकुरतात ना, तशी. तिनं एक निरोप दिला.

पोरींनी कडी काढली तेव्हा मी भिंतीला पाठ लावून उभी होते. निरोप सुकेशनीलाही सांगितला नाही. तिचा हात धरला आणि सरळ ऑफिसात आले.

“त्या खोलीबद्दल पोरी काहीबाही उठवतात,” मॅडम म्हणत होत्या. “तुम्ही शहाण्या दिसता, तुम्ही तरी...”

“मी कुठं काय म्हनले? मी कडी मागायले.”

“कडीचा काय संबंध त्याच्याशी?”

“कशाशी, मॅडम?”

त्यांनी टेबलाकडं पाहिलं. “जुनी गोष्ट आहे ती. कुलरची वायर जळाली. त्या खोलीतली मुलगी झोपेतच गेली. तिला काही कळलंसुद्धा नाही... सगळ्यांनी तेच सांगितलं.”

“सगळ्या म्हंजी कोण? तिथं कोण होतं?”

“कुणीच नव्हतं. म्हणून तर म्हणते, विषय संपवा आता.” हात पुन्हा मानेकडं गेला.

मी सुकेशनीला बाहेर उभं केलं, दार लोटलं आणि आवाज खाली आणला.

“ती म्हनली, मनिषाला सांगा, केस मग धू म्हनावं, आधी कडी काढ... लय धूर व्हायलाय.”