पाणी तोडायचा अर्ज

ज्या हरळीला उपटता उपटता आमच्या तीन पिढ्यांच्या बोटांना घट्टे पडले, तीच हरळी एक धडधाकट माणूस गुडघ्यावर बसून ओळीनं लावत होता! मला हसू आवरेना. लातूर नवा जिल्हा झालेला, कलेक्टर साहेबांचा बंगला नवा, आणि बंगल्यापुढच्या लॉनवर मी त्याच दिवशी रोजंदारीनं लागलेली. लावणारा होता तिथला माळी, नरसिंग.

"हसा," तो म्हणाला, "पण हातबी चालवा."

हात चालले... आणि डोळेही. पाइप धरायचं काम तो मलाच द्यायचा. गवत बोटभर उंच ठेवलं की मुळं खोल जातात, पाणी कमी लागतं, असं काहीबाही शिकवायचा. मी शिकले कमी, त्याच्याकडे पाहिलं जास्त. जीव जडला होता, उगाच कशाला लपवू?

दुसऱ्या वर्षीही पाऊस आला नाही. वस्तीतल्या विहिरी आटल्या. लॉनसाठी मात्र रोज टँकर यायचा, आणि फाटकाबाहेर बाया रिकाम्या घागरी घेऊन नुसत्या बघत उभ्या राहायच्या. नरसिंगच्या घशाखाली घास उतरेना. एका दुपारी त्यानं विचारलं, "सिंधू, हरळी तुला जलमापासनं म्हाईत. पाणी तोडलं तर मरंल का?"

'मरंल' म्हटलं असतं तर टँकर चालू राहिला असता. पाणी बंद म्हणजे लॉनवरच्या आम्हा रोजंदारीच्या बायांचं काम बंद. आणि काम सुटलं की माझा बाप, बापू, आम्हा घरच्यांना पुण्याकडे वीटभट्टीवर नेणार, हे घरात ठरलेलं. मी पाइपचं तोंड अंगठ्यानं दाबून धरलं.

"न्हाई मरत," मी म्हटलं. "वरनं वाळंल. खाली जित्ती ऱ्हाती."

त्यानं त्याच दिवशी अर्ज दिला. साहेबांनी, कधी नव्हे ते, लगेच ऐकलं. टँकर वस्तीकडे वळला. शनिवारी आमची नावं हजेरीतून कमी झाली, आणि माळ्याला इथं काय काम, म्हणून नरसिंगची बदली नांदेडला.

आम्ही निघायच्या सकाळी तो आमच्या दारापुढे आला. डोळे लाल.

"मला वाटलं, तुमाला दुसऱ्या कामावर घेतील... ठाऊक असतं तर विचारलंच नसतं."

"मला ठाऊक हुतं."

"मग — खोटं का न्हाई बोललीस?"

"दुसऱ्या कुणाशी बोलले असते... तुमच्याशी जमलं न्हाई."

त्यानं पहिल्यांदाच माझा हात धरला. रस्त्यावर ट्रक उभा होता, बापू वरून हाका मारत होता. हात मीच सोडवून घेतला.