सवतीचं घर विकताना

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मग मध्ये थांबवू नका.

ही गोष्ट माझ्याशीच घडली आहे. कोणाच्या मावशीच्या नणंदेशी नाही. गेल्या वर्षीचा मे महिना, गुरुवार, दुपारी साडेबारा ते सव्वा. जागा म्हणजे गडचांदूरला कोरपना रोडच्या मागच्या लेआउटमधलं आमचं दोन खोल्यांचं घर. रात्र नव्हती. उलट एवढं ऊन होतं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

मी रुपाली. माहेर धानोऱ्याकडचं. धनराजची मी दुसरी बायको.

पहिली प्रेमिला. ती काविळीनं गेली आणि दोन वर्षांनी माझं लग्न झालं. मी तिला कधी पाहिलंही नाही. पण त्या घरात मला तिच्याशिवाय दुसरं काही दिसलंच नाही. ते घर तिनं बांधलं होतं. म्हणजे खरोखरच बांधलं होतं, स्वतः डोक्यावर विटा वाहून. आणि हे मला उठताबसता ऐकवलं जायचं. "हा ओटा प्रेमिलानं बसवला." "खिडकी इथीच पाहिजे म्हणे प्रेमिला."

वर तो टाक.

आमच्याकडे दुसरेपणावर आलेल्या बाईच्या गळ्यात पहिलीचा टाक बांधतात. चांदीचा, नखाएवढा, त्यावर बाईची आकृती. माझ्या सासूनं, सुगंधाबाईंनी, लग्नाच्या दिवशीच तो काळ्या दोऱ्यात ओवून बांधला. म्हणाल्या, "हे तुही मोठी बहीन. काही बी नवं नेसशीन त आंधी इच्या नावानं ठेवजो. मंग तू घालजो."

म्हणजे माझ्या दिवाळीच्या साडीची घडीसुद्धा आधी तिनं मोडायची.

जळायची मी. सरळ सांगते, मेलेल्या बाईवर जळायची.

मग धनराजला पुण्याकडे, चाकणला काम लागलं. घर बंद करून निघायच्या दिवशी मी तो टाक गळ्यातून काढला. स्वयंपाकघराच्या कोनाड्यात चहापत्तीचा रिकामा डबा होता, त्यात टाकला आणि झाकण दाबून लावलं. मनात म्हटलं, राहा आता तू तुझ्या घरात.

धनराजला सांगितलं, पेटीत जपून ठेवलाय.

चूक केली ती हीच. तेव्हा मला ती हुशारी वाटली होती.

चाकणला आल्यावर वाटलं, नवरा आता माझा झाला. कसलं काय. माणूस घरात असायचा, पण बोलायचा मोजून. घर विकू म्हटलं की भिंतीकडे पाहत बसायचा. तीन वर्षं मी मागे लागले तेव्हा एकदाचा कंटाळून हो म्हणाला. कोरपन्याचं प्रवीण नावाचं गिऱ्हाईक मिळालं. त्या गुरुवारी दोन वाजता तो बायकोला, पुनमला, घर दाखवायला आणणार होता. तिला पसंत पडलं की बोलणी पक्की.

मला एवढंच पाहिजे होतं. घर गेलं की ती गेली. मग धनराज पूर्ण माझा.

फक्त त्याआधी तो टाक काढून गुपचूप नदीत सोडायचा होता. नव्या माणसांच्या हाती लागला असता तर धनराजला कळलं असतं.

ऑटोतून उतरल्यावर धनराज म्हणाला, "तू कुलूप खोल. मी बुधरीबाईले भेटून येतो." बुधरीबाई म्हणजे आमची शेजारीण. मला बरंच झालं.

कुलूप उघडलं.

चार वर्षं बंद असलेलं घर. तिकडे सिमेंट कारखान्यांची धूळ रोज बसते. फरशीवर जाड राखाडी थर होता. त्यावर एकही पाऊल नाही. उंदराचंही नाही.

पिशवी आणि पाण्याची बाटली घेऊन मी आत स्वयंपाकघरात गेले.

आणि थांबले...

ओटा स्वच्छ होता.

हात लावला. ओलसर लागला... नुकताच कोणी पुसल्यासारखा.

नळ फिरवून पाहिला. कोरडा. कनेक्शन आम्हीच कापून गेलो होतो.

कोनाड्यातला डबा उचलला. त्याच्यावरही धूळ नव्हती. झाकण काढलं...

आत नुसता काळा दोरा. गाठ जशीच्या तशी. टाक नव्हता.

तेवढ्यात माझ्या मागे दार लोटलं गेलं. मग आवाज आला...

कडीचा.

बाहेरच्या खोलीकडून लागली. हळूच. लेकरू झोपलं असलं की लावतात तशी.

दार ढकललं. हललं नाही.

मग बाहेर धनराजच्या चपला वाजल्या. "बाप्पा, काय ऊन हाय. पानी दे वं."

बाटली माझ्या हातात होती. मी तोंड उघडणार, तर...

बांगड्या वाजल्या. काचेच्या.

मी कंपनीत पॅकिंगला जाते. तिथे काचेच्या बांगड्या चालत नाहीत. माझे हात कधीचे मोकळे आहेत.

धनराज घटाघटा पाणी प्यायला. ते मला ऐकू आलं.

"उभी काऊन हायेस? बस ना."

आता तुम्ही म्हणाल, ओरडायचं होतं, दार बडवायचं होतं. बरोबर आहे. कोणीही ओरडलं असतं.

मी नाही ओरडले. मी दाराला कान लावला.

नवरा दुसऱ्या बाईशी बोलत असताना कान का लागतो, हे ज्या बायांना कळतं त्यांनाच कळेल.

तिचा आवाज येत नव्हता. ती बोलत असेल तिथे नुसती शांतता... आणि मग धनराजचं उत्तर.

"मी तुह्यावर कायले चिडू?"

शांतता...

"नाई वं. मलेच बोलता येत नाई."

शांतता...

आणि धनराज हसला. पोटातून, खळखळून. आठ वर्षांच्या संसारात मी त्याचं ते हसू ऐकलं नव्हतं.

मी रडत होते. भीतीनं की रागानं, ते मला आजही सांगता येत नाही.

"बरं," तो म्हणाला. "नाई इकत. तू म्हणशीन तसं."

कडी निघाली. तशीच, हळूच.

मी बाहेर आले. धनराज भिंतीला टेकून बसला होता. एकटाच. मिशा ओल्या. बाजूला स्टीलचा पेला, त्यात घोटभर पाणी. आणि त्याच्या समोर, धुळीत, एक जागा पुसलेली... एक बाई मांडी घालून बसेल एवढी. तिथे यायची जायची पावलं नव्हती. खोलीत पावलं दोघांचीच होती. माझी आणि त्याची.

"आता त इथी बसली होतीस. कवा उठली?" तो म्हणाला. "आन रडून काऊन राह्यली? नाई इकत म्हटलं ना."

म्हणजे त्याला समोर मीच दिसले होते.

त्यानं तिथेच फोन लावला. "प्रवीणभाऊ, माफ करजा. घर इकाचं नाई. घरवाली नाई म्हणते." मग फोन माझ्यापुढे धरला. "तूच सांग त्यायले. तूच म्हटलं ना?"

ती मी नव्हते, एवढं म्हणायचं होतं मला. पण मग त्यानं विचारलं असतं, मंग कोन होती? आणि उत्तर शोधायला त्याला वेळ लागला नसता. तो त्या घरातून उठलाच नसता.

मी फोन घेतला. म्हटलं, "हाव भाऊ. मीच म्हटलं."

या गोष्टीला वर्ष झालं. घर अजून तसंच आहे. धनराज मात्र बदलला. माझ्यासाठी गजरा आणतो. जेवताना मध्येच म्हणतो, "त्या दिवशी कशी बोलली होतीस तू. तशी बोल ना वं."

काय बोलू? ती काय बोलली ते मला कुठे माहीत आहे? मी आपली हसते. ते त्याला पुरत नाही, हे मला दिसतं.

परवा तो रजा मंजूर करून घेऊन आला. पंधरा दिवसांची. म्हणाला, "दर उन्हाळ्यात घरी जाऊ म्हटलं होतं ना तू. तिकिटं काढली."

मी असं कधीच म्हटलेलं नाही.

आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणते, तू नको जाऊस. बरं नाही म्हणून सांग आणि त्याला एकट्याला जाऊ दे.

एकट्याला...? पंधरा दिवस? तिच्याकडे?

भीती तर वाटतेच. पण बॅग भरली आहे. उद्या सकाळची गाडी आहे, आणि मी चाललेय.