जिवंत माणूस काचेत येत नाही

हे माझ्या मावशीच्या बाबतीत खरंच घडलंय. तिनं मला समोर बसवून सांगितलं आणि काका शेजारीच बसून होते. काका म्हणजे मावशीचे यजमान. भुताखेतांवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. तरी त्यांनी एका शब्दानंही तिला खोडलं नाही.

रात्रीची गोष्ट नाही. रविवारची भर दुपार होती.

मावशी होलोग्राम करायची. कार्डावर चकचकीत ठिपका असतो ना, तसला नव्हे. मोठ्या काचेवरचा. काच सपाट, पण आत वस्तू जशीच्या तशी उभी. मान डावीकडे नेली की तिची डावी बाजू दिसते. आणखी झुकलं तर तिच्या मागे काय ठेवलंय तेही दिसतं. लोक हात घालायला जातात आणि बोटं काचेवर आपटतात.

काम मात्र फार नाजूक. काचेवर लेझरचा उजेड पडत असताना वस्तू केसभर हलली तरी सगळं मुसळ केरात. हललेली वस्तू पुसट येत नाही...

ती येतच नाही. तिच्या जागी नुसती काळी पोकळी उरते.

रस्त्यावरून ट्रक गेला तरी काच वाया. म्हणून मावशीनं एक तळघर भाड्यानं घेतलं होतं. पूर्वी तिथं बँकेची तिजोरी होती. हातभर जाड भिंती, एकही खिडकी नाही, लोखंडी दार. आत फोनलाही रेंज नाही. वरच्या गाळ्यात काकांचं फ्रेमचं दुकान.

"जिवंत माणूस माझ्या काचेत येत नाही," मावशी गमतीनं म्हणायची. "श्वास घेतो ना, मेला."

एके दिवशी एक बाई आपल्या आईचं शिलाई मशीन घेऊन आली. हातानं फिरवायचं, काळं, चाकाचा रंग उडालेला. आईनं त्या मशीनवर चार मुलांना वाढवलं होतं. आता ती राहिली नव्हती.

"ताई, आईचा एक धड फोटो नाही," ती म्हणाली. "फोटो काढायला घेतला की ही हललीच. कायम कामात. मला आता तिचा चेहरा नीट आठवेनासा झालाय. निदान हे मशीन तरी डोळ्यांसमोर राहू दे."

मावशीला नाही म्हणवेना.

रविवारी रस्ता शांत असतो, म्हणून तिनं तोच दिवस धरला. काकांना सांगितलं, "आज करवत चालवू नका." खाली गेली. दार ओढून घेतलं. टेबलावर मशीन मांडलं, हिरव्या मिणमिणत्या दिव्यात काच बसवली आणि दूर ठेवलेल्या स्टुलावर जाऊन बसली. हवासुद्धा स्थिर व्हावी म्हणून बराच वेळ तशीच थांबली.

मग लेझरसमोरचं छोटं शटर उघडलं. मशीनवर लाल उजेड पडला.

टक्... टक्... टक्...

सुई चालल्याचा आवाज.

मावशी जागची हलली नाही. हललं तर काच जायची, ही इतक्या वर्षांची सवय. शटर मिटलं आणि आवाज थांबला.

'पाइप वाजत असेल,' तिनं मनाची समजूत घातली. काच रसायनात धुतली, वाळवली, दिव्यासमोर धरली.

मशीन लख्ख आलं होतं. म्हणजे ते तसूभरही हललेलं नव्हतं.

पण त्याच्या अलीकडे एक काळी पोकळी होती.

वाकलेली मान... खांदा... बाहेर काढलेलं कोपर.

मशीनवर कुणीतरी वाकून बसलं होतं. आणि ते हलत होतं.

मावशी थेट दाराकडे गेली. मूठ फिरली. दार हललं नाही. तिनं अंग टाकून ढकललं, हाका मारल्या, दोन्ही हातांनी लोखंड बडवलं. वरून काही नाही. काका जिन्याच्या तोंडाशीच पेपर वाचत बसलेले असायचे. त्यांना हाक ऐकू जाऊ नये?

मग तिच्या लक्षात आलं, की दार बडवल्याचाही आवाज होत नव्हता. हात दुखत होते, पण आवाज नव्हता.

खोलीत एकच आवाज होता...

तिच्या मागे कुणीतरी श्वास घेत होतं. सावकाश. दमलेला. दिवसभर राबून नुकतंच टेकलेल्या बाईसारखा.

 सांगताना मावशी म्हणाली, "तेव्हा मला एवढंच कळलं, की ओरडून मी काही सुटत नाही." पाठ दाराला लावून ती कशीबशी बोलली.

"काच लावू का आणखी एक? बसा तुम्ही. पण हलू नका."

श्वास टेबलाकडे सरकला.

तिनं दुसरी काच बसवली. स्टुलावर बसली. शटर उघडलं.

टेबलाशी गेलेला तो श्वास थांबला.

आणि मावशीचाही.

तिला श्वास घ्यायचा होता. छाती उचलेना. पापणी मिटेना. बोट हलेना. शटर आपोआप मिटायचं होतं, पण ते काही मिटेना. लाल उजेडात ते मशीन समोर तसंच... आणि ती स्वतः दगडासारखी. आत मात्र जीव गुदमरत होता. आता आपण कायमचं इथंच बसून राहणार, असं तिला वाटलं.

खट्.

शटर मिटलं. ती जमिनीवर कोसळली आणि भसाभसा श्वास घेऊ लागली. दार जरासं ढकललं तर उघडलं.

काका जिन्यातच उभे होते. पांढरेफटक.

"अगं, होतीस कुठं?"

"आतच."

"मी दोनदा खाली येऊन गेलो. दार उघडं होतं. मोठा दिवा लावून पाहिलं. आत कुणी नव्हतं."

"मोठा दिवा लावलात?" मावशी म्हणाली. "मग काच उजेडानं वाया गेली असणार."

तरी तिनं ती धुतली. वाया गेली नव्हती.

काचेत एक बाई बसलेली होती. हात मांडीवर, मान सरळ, चेहरा दमलेला पण शांत. मावशी बघतच राहिली. मग सवयीनं तिची मान डावीकडे झुकली, आणि त्या बाईच्या मागे तिला दिसलं...

एक स्टूल. स्टुलावर मावशी. एकूण एक केस स्पष्ट.

"फोडून टाक," काका म्हणाले.

"नको. होलोग्रामच्या प्रत्येक तुकड्यात अख्खं चित्र राहतं. मग मी किती ठिकाणी अडकेन?"

मशीन आणून दिलेली ती लेक काच बघायला आली आणि मटकन खालीच बसली. "हीच," एवढंच म्हणाली. तिच्या हातून ती काच काढून घेणं मावशीला जमलं नाही. काकांनी खोल पेटीसारखी फ्रेम केली, कडांना उंच पट्ट्या लावून. बाजूनं डोकावता येऊ नये म्हणून. लेकीनं मागचं पाहिलंय की नाही, आम्हाला माहीत नाही. विचारायची हिंमत नाही.

मावशीनं तळघर सोडलं. आता ती रेघारेघांची चित्रं करते, तिरकी धरली की बदलणारी. त्यात माणसं हललेली चालतात.

परवा दुपारी मी तिच्याकडे गेले. मावशीला खुर्चीत डोळा लागला होता. काका तिच्यासमोर पाटावर बसून तिचं पाऊल हळूहळू हलवत होते. डावीकडे, उजवीकडे. डावीकडे, उजवीकडे.

मी काही विचारायच्या आधीच ते हळू आवाजात म्हणाले, "मी जरा पाणी पिऊन येतो. तोवर तू धर. थांबवू नकोस. निश्चल राहिली की तिचा श्वास अडकतो."

मी धरलं.

पाऊल गार होतं.