अंजनाबाई हाय का?

दिव्यानी, तो कंदील जरा इकडं सरकव अन् माझ्याजवळ बस. लाइट काई आता येत नाई. तुझी माय लग्नाहून परवा येईन, तुझा भाऊ चंद्रपूरवरून रविवारी. तोवर या घरात तू अन् मी. मले आठवा महिना चालू हाय, म्हणून आजच सांगून टाकते. हासू नको, अन् मधातच "काय वहिनी, काहीबी" म्हणू नको.

माझ्या आजीचा फोटो तू माझ्या माहेरी पाह्यला हाय. बैठकीत, हार घातलेला. अंजनाबाई. आमच्या सोयरीकीच्या वेळी गुणवंतकाकानं डोळे पुसत पुसत तिची गोष्ट सांगितली होती. "आमची बुढी वाघाच्या तोंडात होती, तरी हाय म्हणली! कोणाले तरास देला नाई!" तुझ्या भावाच्या अंगावर काटा आला. माझ्या अंगाची आग झाली. जित्तेपणी याच काकानं तिले कधी "माय, बस जराशी" म्हणलं नाई. बहात्तर वर्साची बाई पहाटे एकटी जंगलात जाये अन् हा घोरत पडून राहे. आता फोटोले रोज अगरबत्ती लावते.

होती बाई खमकी, ते काई खोटं नाई. सव्वीसाव्या वर्सी नवरा गेला. नांगर तिनंच धरला, शेताच्या धुऱ्यावर, बांधावर भांडाले आलेल्या दीराले तिनंच पळवलं. एकदा हात मोडला तं बांबूच्या कमच्या बांधून तिसऱ्या दिवशी धानाच्या रोवण्याले उभी. अस्वलामागं जळतं लाकूड घेऊन धावली होती, हे साऱ्या गावानं पाह्यलं. अन् तोंड असं की मिरची बरी. मले तिनं कधी जवळ घेतल्याचं आठवत नाई, पण माझ्या शाळेची फी कोणी भरली ते आठवते.

आता तू आरमोरीच्या बाजारपेठेत वाढलेली, तुले मोहाचं सांगावं लागंन. चैतात मोहफूल पहाटे पहाटे गळते. उजाडायच्या आत नाई वेचलं तं अर्धं हरणं अन् अस्वलं खाते. प्रत्येक घराची झाडं ठरलेली. आधी बुडाचा पालापाचोळा जाळून जागा साफ करायची, मग टोपली घेऊन वाकून वाकून वेचत राहायचं. खरं भेव त्या वाकण्याचंच. वाकलेलं माणूस वाघाले माणूस दिसत नाई, जनावर दिसते.

म्हणून आमच्याकडं हाक फिरवतात. नाल्याकडच्या झाडाखाली पत्रूभाऊ राहे. अर्ध्या अर्ध्या घंट्यानं तो एकेकाचं नाव घेऊन हाक मारे, "इतवारी हाय काऽऽ?" अन् त्या त्या झाडाखालून "हायऽऽ" यावं लागे. नाई आलं की सारे जळती लाकडं अन् डबे घेऊन त्या झाडाकडं धावत. दुसरं काई साधन नाई. चूप राहणं हीच तिथली मदतीची हाक.

अन् आमची बुढी मुद्दाम चूप राहे.

"मी का आंधळी हाय का लंगडी? रोज हाजरी द्याले मी का शाळेतली पोरगी हाय?" पहिल्या वर्सी सारे धावत गेले तं हिनं साऱ्यायले शिव्या घातल्या. मग माझ्या बापानं कोणाले न सांगता एक तोड काढली. तिच्या बाजूच्या झाडाखाली आम्हा बापलेकीपैकी जो असंल, त्यानं तिच्या नावानं हाय म्हणून द्यायचं. आधी माझा बाप म्हणे, तो गेल्यावर मी. किती वर्सं म्हणली, मोजलं नाई. सवय होऊन गेली, जशी माशी हाकलाची असते.

त्या पहाटे वारा बिलकूल नव्हता. मोहाचा वास असा दाटला होता की दुसरा कोणता वास नाकाले येत नव्हता. तिचं झाड माझ्यापासून चाळीस पावलांवर, मधात बांबूची दाट रांजी, बेटच म्हण. पत्रूभाऊची हाक आली, "अंजनाबाई हाय काऽऽ?"

ती चूप. मी म्हणली, "हायऽऽ!"

मग रांजीत सरसर झाली. थांबली. पुन्हा झाली. मले वाटलं रानडुक्कर असंल. मी खोकली, टोपलीवर काडी वाजवली. थोड्या वेळानं दुसरी हाक आली. मी टोपलीवरून मान वर न करता पुन्हा म्हणली, "हायऽऽ!"

उजाडल्यावर तिच्या झाडाखाली गेली. टोपली काठोकाठ भरलेली, सरळ उभी. आजी नव्हती. राख झाडलेल्या जागेवर घासत गेल्याचा माग होता, अन् तो माग जंगलाकडं जात नव्हता. माझ्याकडं येत होता, दिव्यानी. रांजीत सापडली ती. मी उभी होती तिथून दहा पावलं. मानेवर दातांच्या खुणा होत्या. मी हात लावला तं अंग गरम होतं. तिच्या मुठीत मोहफुलं होती अन् तोंड उघडं. कोणाले हाक मारताना राहते तसं.

सारे जमले. पत्रूभाऊ म्हणे, "पण दोनदा हाय तं आलं! कोण म्हणलं हाय?"

सारे माझ्याकडं पाहून राह्यले. मी एकोणीस वर्साची होती. मी म्हणली, "आजीच म्हणली."

झालं. त्याच एका वाक्यावर काकाची सारी गोष्ट उभी हाय. वाघाच्या तोंडातून हाय म्हणणारी बुढी! तेरवीले लोकं रडले. बुढी कोणासाठी अडून राहे नाई म्हणे. अरे, सरपटत आली होती ती! जिनं जन्मात कोणाले बोलावलं नाई, ती त्या दिवशी माझ्याकडं येऊन राह्यली होती, अन् मी दहा पावलांवर तिच्या वतीनं 'मी ठीक हाय' सांगून राह्यली होती. दोनदा. हे आजवर मी कोणाले सांगितलं नाई. तुझ्या भावालेबी नाई.

पुढच्या चैतात तिचं झाड माझ्या वाट्याले आलं. नाई म्हणाले तोंड नव्हतं.

चार दिवस काई झालं नाई. पाचव्या दिवशी मी वेचून राह्यली होती अन् आजूबाजूचे किडे एकदम बंद झाले. मोहाच्या वासात दुसरा वास आला, ओल्या कुत्र्यासारखा, पण जड. मी मान वर केली. रांजीच्या कडेले तो बसला होता. वीस पावलं असंल. शेपटीचं टोक तेवढं हालत होतं.

मी मनात म्हणलं, पुनम, ओरडू नको, पळूबी नको. आता पत्रूभाऊची हाक येईन. तू चूप राह्य. चूप राह्यली की सारे येतीन.

हाक आली. "पुनम हाय काऽऽ?"

मी ओठ दाताखाली दाबून धरले. चव खारट लागली...

अन् माझ्या पाठीमागून, झाडाच्या बुडापासून, आवाज आला...

"हायऽऽ."

तो आवाज मी अंधारात, झोपेत, कुठीबी ओळखीन. जिनं जित्तेपणी एकदाबी हाय म्हणलं नाई, तिनं माझ्या वतीनं म्हणलं. वाघाचे कान हालले. त्यानं माझ्याकडं नाई, माझ्या मागं पाह्यलं. मी वळली नाई. वळायची हिंमत नव्हती. अर्ध्या घंट्यानं दुसरी हाक आली, अन् दुसरं हाय. कोणी आलं नाई. तो वाघ सूर्य वर येईस्तोवर तिथीच बसून राह्यला, मग उठून नाल्याकडं गेला. मी तशीच वाकलेली होती. कंबर सरळ कराले दोन बाया लागल्या.

पत्रूभाऊ म्हणे, "काहून वो पोरी, दोनदा तं चांगली ठणठणीत हाय म्हणली!"

म्हणजे त्याले तो आवाज माझाच वाटला होता.

लग्न होऊन इथी आली तं म्हणलं, सुटली. ते जंगलातलं जंगलात राह्यलं. तीन वर्सं खरंच काई नाई. आता काल दुपारची गोष्ट घे. तू आंगणात कपडे वाळू घालत होती. मी न्हाणीत पाय घसरून पडली. होय, पडली, अशी तोंड फाडून पाहू नको! पोटाले लागलं नाई, कंबरेले लागलं. उठता येत नव्हतं, अन् वेदनेनं आवाजच फुटत नव्हता. तितक्यात तू दारापाशी आली अन् हाक मारली, "वहिनी, हाय ना ठीक?"

माझ्या जिवात जीव आला. म्हणलं, मी बोलली नाई की ही दार ढकलंन.

मोरीच्या कोपऱ्यातून ते "हायऽऽ" आलं. अन् तुझी चप्पल वाजत वाजत परत गेली. अर्धा घंटा मी तिथी पडून होती, दिव्यानी. भिंत धरून धरून उठली.

म्हणून तुझ्या पाया पडून सांगते. आता मी अशी पडली हाय, मले कळा कधीबी सुरू होतीन. माझ्या आवाजावर जाऊ नको. मी हाय म्हणली, ठीक हाय म्हणली, तरी दार उघडून डोळ्यानं पाह्य. तुझ्या भावालेबी सांग, मायलेबी सांग. येडी म्हणतीन तं म्हणू दे. तिले माझा राग असंल तं तो माझ्याशी हाय, माझ्या लेकराचं त्यात काय? तूच सांग.

...अशी काऊन पाहून राह्यली?

दिव्यानीनं कंदिलाची वात वर केली.

"वहिनी," ती हळूच म्हणली, "मी हाक एकदाच मारली होती. पण हाय दोनदा आलं. एक तुझ्या आवाजात... अन् एक बारीक, लेकरासारखं. मले वाटलं, न्हाणीत घुमलं असंल."

मी दोन्ही हात पोटावर ठेवले. आत काईच हालत नव्हतं. सकाळपासून हाललं होतं का, ते मले आठवेना.

"उठ," मी म्हणली. "ऑटोवाल्याले फोन लाव. दवाखान्यात जाऊ."

ती फोन घ्याले आतल्या खोलीत गेली. सिग्नल भेटत नव्हता बहुतेक. जराशानं तिथूनच तिनं भेदरलेल्या आवाजात विचारलं, "वहिनी, हाय ना तू?"

मी तोंड उघडलं, पण त्याच्या आधीच माझ्या मागून आलं, "हायऽऽ."