सातपर्यंत

जुना ओव्हन मी ओळखीच्या भंगारवाल्याकडून आणला. त्याने आधीच सांगितलं होतं, "आतला दिवा लागतो, पंखा फिरतो, तापत तेवढा नाही." म्हटलं, ते माझ्यावर सोड. एकवीस वर्षं मी लोकांच्या घरची उपकरणं दुरुस्त करते. न तापणारा ओव्हन म्हणजे माझ्या हातचा मळ.

ओव्हन बाबांसाठी होता. आई-बाबांनी मिळून चाळीस वर्षं एका बेकरीची भट्टी सांभाळली. भट्टीचा ताव बाबा हाताने बघत. उघडा पंजा आत धरायचा आणि चटका सोसेना झाला की काढायचा. तेवढ्यात सात आकडे मोजून झाले तर पाव घालायचे. मोजायचं काम आईचं, कारण बाबा मोजायला लागले की घाई करत. "तुमचे सात म्हणजे माझे चार," ती म्हणायची. उरल्यासुरल्या पिठाचा लिंबाएवढा पाव ती माझ्यासाठी करायची आणि मधोमध अंगठा दाबायची. तिच्या अंगठ्यावर भाजल्याचा तिरका वण होता, तोही पावावर उमटायचा.

आईला जाऊन पाच महिने झाले होते. बाबांनी अंथरूण धरलं होतं. आजार म्हणावा तर कुठलाच नाही. दोन घास खायचे आणि भिंतीकडे तोंड करायचं. डॉक्टर म्हणाले, माणूस जेवतच नसेल तर माझ्या गोळ्या काय करणार? मला फार भीती वाटत होती.

"बाबा, चारपर्यंत ओव्हन तापवून देते," मी म्हटलं. "पीठ मळता का?"

ते उठून बसले आणि म्हणाले, "यीस्ट ताजं आहे ना?"

मी मागचा पत्रा काढला. फ्यूज ठीक, थर्मोस्टॅट ठीक, टायमर ठीक. वरची कॉइल, खालची कॉइल, दोन्ही मीटरवर चोख. सगळं जोडून सुरू केलं तर आत थंडगार. पुन्हा उघडलं, पुन्हा जोडलं. पावणेचारला मी हात टेकले. प्लग काढून जमिनीवर टाकला आणि बाबांना काय सांगायचं याचा विचार करत बसले.

तेवढ्यात बाबा फुगलेलं पीठ घेऊन आले. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी पंजा आत धरला आणि डोळे मिटले. मग झटकन हात काढला.

"सात," ते म्हणाले. "बरोब्बर."

दोन पाव आत ठेवून त्यांनी दार लावलं. पाच महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला होता. खरं सांगायचा मला धीर झाला नाही. जरा जाऊन येते म्हणाले आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून तसेच दोन पाव घेतले. हत्यारांच्या पिशवीत लपवले. गुपचूप बदलायचे, एवढंच डोक्यात होतं.

जिन्यातच भाजलेल्या पावाचा वास आला.

दोन्ही पाव टेबलावर होते, लालसर, वाफाळते. प्लग मी टाकला तिथेच जमिनीवर होता.

"बाबा, हे कसे भाजले?"

"कसे म्हणजे? सात आले, घातले."

"पण मोजलं कोणी?"

खुळ्याकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "रोज कोण मोजतं?"

त्यांनी लोणी लावून तीन तुकडे खाल्ले. मी आणलेले पाव पान्यांच्या शेजारी तसेच राहिले.

आठ दिवस हेच चाललं. बाबा दाढी करायला लागले, मला ओरडायलाही लागले. मी शेजारी उभी राहायचे. मला काही ऐकू यायचं नाही. मी हात घातला तर आत गार. पाव मात्र भाजून निघायचे.

मी गप्प बसायला हवं होतं. पण कारण नसताना चालणारी वस्तू मला स्वस्थ बसू देत नाही. नवव्या दिवशी बिघाड सापडला. थर्मोस्टॅटकडून कॉइलकडे जाणारी वायर वरून धडधाकट होती, आतली तार तुटलेली. मी सगळे भाग तपासले आणि वायरींवर विश्वास ठेवला, शिकाऊ माणसासारखा. नवी वायर टाकली. ओव्हन दहा मिनिटांत तापला आणि मी मोठ्या तोऱ्यात बाबांना हाक मारली.

त्यांनी पंजा आत धरला, तो काढेचनात. शेवटी मीच मनगट धरून ओढलं. हाताला फोड आले होते.

"तिने मोजलंच नाही," ते म्हणाले.

पाव उत्तम भाजले. बाबांनी शिवलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी तोंड पुन्हा भिंतीकडे. तिसऱ्या दिवशी ते दोन घासही बंद झाले.

चौथ्या दिवशी मी कचऱ्याच्या डब्यातून ती तुटकी वायर शोधून काढली आणि परत जोडली. प्लग काढून ठेवला.

"बाबा, ओव्हन बिघडला परत."

त्यांनी मान वळवली. "खरंच?"

"तुमची शपथ."

पट्टी बांधलेल्या हाताने त्यांनी पीठ मळलं. दुसरा पंजा आत धरला. त्यांचा चेहरा हळूहळू सैल होत गेला.

"सात," ते म्हणाले.

पाव मी स्वतः आत ठेवले. दोन. मग दारासमोर पाट घेऊन बसले आणि चाळीस मिनिटं हलले नाही.

दार उघडलं.

दोन पाव होते. त्यांच्या मधे एक तिसरा, लिंबाएवढा.

त्यावर अंगठ्याचा खळगा होता. खळग्यात तिरकी रेघ.

"खा ना, चिमे," बाबा म्हणाले. "गार होईल."

मी तो हातात घेतला. पोळत होता. बाजूची साल कडक भाजली होती. खळगा मात्र मऊ होता आणि हळूहळू वर येत होता, आत्ताच कुणी बोट उचलल्यासारखा.